ड्रॅक्युला पडद्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कादंबरी आधी वाचावी की चित्रपट आधी बघावा?

निदान पहिली चार प्रकरणं तरी आधी वाचा. ब्रॅम स्टोकरची ही कादंबरी मे 1897 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. ती 27 प्रकरणांची आहे आणि पहिली चार प्रकरणं म्हणजे जोनाथन हार्कर या तरुण वकिलाची रोजनिशी. ट्रान्सिल्व्हेनियातला वाडा, म्हातारा उमराव, भिंतीवरून पालीसारखं खाली उतरणं, तीन बायका, हे सगळं तिथेच येऊन जातं. कुठलाही चित्रपट सर्वांत जास्त घेतो ते याच भागातून. तेवढं वाचलेलं असलं की पटकथाकाराने काय उचललं आणि काय टाकलं हे पहिल्या वीस मिनिटांतच कळतं.

सगळेच चित्रपट कथा इतकी का बदलतात? आहे तशी का घेत नाहीत?

कारण आहे तशी घेतली तर नायकच पडद्यावर दिसणार नाही. संपूर्ण पुस्तक रोजनिशा, पत्रं, तारा, वर्तमानपत्रातली कात्रणं आणि फोनोग्राफवरच्या नोंदी यांचं बनलेलं आहे. पहिल्या प्रकरणातली एक छोटी चिठ्ठी सोडली तर यातला एकही कागद ड्रॅक्युलाचा नाही. पहिल्या चार प्रकरणांनंतर तो थेट समोर येतो तो मोजक्या प्रसंगांत. बाकी वेळ तो म्हणजे खिडकीबाहेरचं वटवाघूळ, धुकं, हार्करची होणारी बायको मीना हिच्या मैत्रिणीच्या, लूसीच्या गळ्यावरच्या दोन खुणा. वाचताना हीच दहशत आहे. पडद्यावर मात्र ज्याच्या नावावर तिकीट विकायचं तोच दीड तास गायब, असं होऊन बसतं.

त्यामुळे प्रत्येक पटकथेला तीन निर्णय घ्यावेच लागतात.

पहिला, ड्रॅक्युलाला इंग्लंडमध्ये आल्यावर काय काम द्यायचं? रंगभूमीने त्याला दिवाणखान्यात पाहुणा म्हणून बसवलं, फ्रान्सिस फोर्ड कपोलाच्या 1992 च्या ‘ब्रॅम स्टोकर्स ड्रॅक्युला’ने प्रियकर केलं.

दुसरा, माणसं कमी कशी करायची? पुस्तकात लूसीला एकाच दिवशी तिघे मागणी घालतात: डॉक्टर सुअर्ड, आर्थर होमवुड आणि टेक्सासचा क्विन्सी मॉरिस. शिवाय हार्कर, ड्रॅक्युलाची शिकार करणारा प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग आणि वेड्यांच्या इस्पितळातला रेनफील्ड. बहुतेक वेळा पहिला बळी क्विन्सी मॉरिसचा जातो. मग मीना आणि लूसीच्या नात्यांची अदलाबदल होते, कुणी कुणाची मुलगी होते, कुणी बहीण.

तिसरा निर्णय शेवटाचा. कादंबरीचा शेवट म्हणजे लंडनहून परत ट्रान्सिल्व्हेनियापर्यंत आगगाडी, बोट आणि घोड्यांवरून केलेला लांबलचक पाठलाग. तो खर्चिक आहे, म्हणून तो कापून शेवट तळघरात उरकला जातो. चित्रपट बघताना हे तीन निर्णय ओळखायला शिकलात तर कुठलंही रूपांतर तुम्हाला उलगडून बघता येईल.

कादंबरीच्या सर्वांत जवळ जाणारं रूपांतर कोणतं?

बीबीसीने डिसेंबर 1977 मध्ये दाखवलेलं, फिलिप सॅव्हिल दिग्दर्शित ‘काउंट ड्रॅक्युला’. लांबी साधारण अडीच तास, ड्रॅक्युला लुई जुर्दां, व्हॅन हेल्सिंग फ्रँक फिनले. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावातला भाग प्रत्यक्ष व्हिटबीला चित्रित केला आहे आणि शेवटचा पाठलागही ठेवला आहे. यातही बदल आहेतच. मीना आणि लूसी बहिणी झाल्या आहेत. आर्थर आणि क्विन्सी यांचा मिळून एकच माणूस केला आहे. बाहेरची दृश्यं फिल्मवर आणि आतली व्हिडिओवर घेतल्यामुळे दाराच्या आत-बाहेर जाताना चित्राचा पोत एकदम बदलतो. त्या काळच्या बीबीसी मालिकांची ती नेहमीची पद्धत होती, तुमची प्रत खराब नाही.

1992 च्या चित्रपटाच्या नावातच लेखकाचं नाव आहे म्हणून तो सर्वांत प्रामाणिक, असं बरेच जण समजतात. पात्रांच्या यादीपुरतं ते खरं आहे, कारण क्विन्सी मॉरिससकट सगळे हजर आहेत. गाभ्यापुरतं ते अजिबात खरं नाही.

मीना ही ड्रॅक्युलाच्या मेलेल्या बायकोचा पुनर्जन्म, हे स्टोकरचं आहे का?

नाही. पुस्तकात ड्रॅक्युला आणि मीना यांच्यात प्रेमाचा अंशही नाही. तो तिच्या खोलीत शिरून तिला बळजबरीने स्वतःचं रक्त प्यायला लावतो, आणि ती पुढे त्याच जोडलेल्या मनाचा उपयोग करून त्याचा माग काढून देते. टंकलेखन शिकलेली, रेल्वेची वेळापत्रकं पाठ असलेली, सगळे कागद तारखेनुसार लावून शिकारीचा पाया रचणारी मीना हे या कादंबरीतलं आमचं सर्वांत आवडतं पात्र आहे. तिला पूर्वजन्मीच्या प्रियकराच्या ओढीने झुरणारी बाई केलं की हे सगळं कर्तृत्व वाया जातं.

हरवलेल्या प्रेयसीचा धागा डॅन कर्टिसच्या टीव्ही चित्रपटात आला. त्यात जॅक पॅलन्स ड्रॅक्युला आहे, पटकथा रिचर्ड मॅथेसनची, आणि तिथे मेलेल्या बायकोसारखी दिसते ती लूसी. कपोलाच्या 1992 च्या चित्रपटात तोच धागा मीनाकडे आला आणि इतका रुजला की ल्यूक बेसाँच्या 2025 च्या चित्रपटाचाही तोच कणा आहे.

सूर्यप्रकाशाने ड्रॅक्युला मरतो ना?

कादंबरीत तो लंडनच्या रस्त्यावर भर दिवसा फिरतो. दिवसा त्याची ताकद कमी होते आणि रूप बदलता येत नाही, एवढंच. त्याचा शेवट सूर्य मावळता मावळता दोन सुऱ्यांनी होतो: हार्करची गळ्यावर, क्विन्सीची काळजात. हार्करच्या हातातलं हत्यार आहे कुकरी. लाकडी खुंटी लूसीसाठी वापरली जाते, ड्रॅक्युलासाठी नाही.

उन्हाने विरून जाणं ही 1922 च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन चित्रपटाची देणगी. ती मूकपटासाठी अगदी योग्य होती, कारण संवादाशिवाय, एका डिझॉल्व्हमध्ये, म्हणजे एक चित्र विरत दुसरं उमटतं त्यात, शेवट दाखवता येतो. 1958 मध्ये हॅमर या ब्रिटिश चित्रपट कंपनीने त्यात भर घातली. पीटर कुशिंगचा व्हॅन हेल्सिंग टेबलावरून धावत जाऊन पडदे ओढून पाडतो, दोन मेणबत्तीदाण्या आडव्या-उभ्या धरून क्रूस करतो आणि ड्रॅक्युलाला उन्हात रेटतो.

उंच कॉलरचा काळा झगा कुठून आला?

रंगमंचावरून. हॅमिल्टन डीनने 1924 मध्ये डर्बीला नाटक आणलं. त्यात ड्रॅक्युला सगळ्यांच्या देखत नाहीसा व्हायचा. इतर पात्रं त्याचा झगा धरून ठेवायची आणि नट पाठ करून रंगमंचातल्या चोरदारातून खाली जायचा. ताठ, उंच कॉलर हवी होती ती त्याचं डोकं पाठीमागून झाकण्यासाठी. युक्ती विसरली गेली, कॉलर राहिली. हेच नाटक जॉन बॉल्डरस्टनने दुरुस्त करून 1927 मध्ये ब्रॉडवेवर नेलं, तिथे बेला लुगोसी आला, आणि 1931 च्या चित्रपटात त्याच्याबरोबर तो पोशाखही.

पुस्तकातला ड्रॅक्युला सुरुवातीला लांब पांढऱ्या मिशांचा म्हातारा आहे आणि रक्त मिळेल तसा तरुण होत जातो. लुगोसी मिशीविना आणि सुळ्यांविना आहे; 1931 च्या चित्रपटात सुळे एकदाही दिसत नाहीत. ते 1953 च्या तुर्की ‘ड्रॅकुला इस्तंबूलदा’मध्ये आहेत, आणि रंगीत पडद्यावर रक्ताळलेले सुळे ठसवले ते 1958 मध्ये ख्रिस्तोफर लीने. मिशी आणि तरुण होत जाणं जमवलं जेस फ्रँकोच्या 1970 च्या चित्रपटाने. त्यातही लीच आहे. चित्रपट म्हणून तो फार रखडतो, पण सुरुवातीचा वाड्यातला भाग जरूर बघा.

‘नोस्फेराटू’मध्ये नावं वेगळी का?

कारण निर्मात्यांनी हक्कच घेतले नव्हते. प्राना-फिल्म या जर्मन कंपनीने ड्रॅक्युलाचा ऑरलॉक केला, हार्करचा हुटर, मीनाची एलेन, लंडनऐवजी विस्बोर्ग नावाचं काल्पनिक जर्मन शहर घेतलं आणि काळ 1838 केला. मार्च 1922 मध्ये बर्लिनला पहिला खेळ झाला. स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स स्टोकर हिने दावा लावला, आणि 1925 मध्ये निकाल लागला की सगळ्या प्रती नष्ट कराव्यात. परदेशी पोचलेल्या प्रती मात्र वाचल्या आणि आज आपण बघतो तो चित्रपट त्यांच्यावरून पुन्हा जोडलेला आहे.

‘नोस्फेराटू’ची कोणती प्रत बघावी? मला तो भर दुपारी शवपेटी घेऊन फिरताना दिसतो!

हा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण चुकीची प्रत बघून चित्रपट हास्यास्पद वाटलेले लोक पुष्कळ आहेत.

त्या वेळच्या फिल्मला रात्रीच्या अंधारात चित्र उमटवण्याइतकी संवेदनशीलता नव्हती. म्हणून रात्रीची बाहेरची दृश्यं दिवसा घ्यायची आणि प्रतीचा तेवढा तुकडा निळ्या रंगात बुडवायचा: निळा म्हणजे रात्र, पिवळा म्हणजे दिवस किंवा दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहाट. पुढे कृष्णधवल नकला निघाल्या तेव्हा हे रंग गेले, आणि ऑरलॉक लख्ख उन्हात पेटी वाहताना दिसू लागला. ज्याला ऊन मारतं तोच उन्हात! म्हणजे कथेचा पायाच ढासळला.

दुसरी गडबड वेगाची. मूळ लांबी 1967 मीटर. 35 मिमी फिल्मच्या एका मीटरमध्ये सुमारे 52.5 फ्रेम बसतात, म्हणजे एकूण एक लाख तीन हजारांच्या आसपास. सेकंदाला 18 फ्रेमच्या वेगाने याचे साधारण 95 मिनिटं होतात. तीच फिल्म 24 च्या वेगाने चालवली तर 72 मिनिटांत संपते आणि माणसं टुणटुण उड्या मारत चालतात. गाडीचं एक दृश्य दिग्दर्शक मुर्नाऊने मुद्दाम वेगवान केलं आहे. सगळंच वेगात पळालं तर त्याची जादू उरत नाही.

तेव्हा तीन गोष्टी तपासा: रंगछटा आहेत का, लांबी 94 मिनिटांच्या आसपास आहे का, आणि दृश्यांमधल्या मजकुराच्या पाट्या मूळ जर्मन अक्षरांत असून खाली भाषांतर आहे का. फ्रीडरिश विल्हेल्म मुर्नाऊ प्रतिष्ठानने जीर्णोद्धार केलेल्या, हान्स एर्डमानच्या संगीतावर आधारित साथ असलेल्या प्रतीत हे तिन्ही आहे.

1931 च्या चित्रपटात संगीतच नाही. ध्वनी बिघडलाय का?

बिघडलेला नाही. श्रेयनामावलीला ‘स्वान लेक’चा तुकडा आहे, नाट्यगृहातल्या प्रसंगात वाद्यवृंद आहे, बाकी जवळजवळ शांतता. बोलपट नुकते आले होते आणि दृश्याखाली संगीत ठेवायची पद्धत रूढ व्हायची होती. फिलिप ग्लासने 1990 च्या दशकाअखेरीस क्रोनोस क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या मेळ्यासाठी लिहिलेलं संगीत काही डिस्कवर वेगळ्या ध्वनिपट्टीवर मिळतं. पहिल्यांदा मात्र शांततेतच बघा. लुगोसीच्या शब्दांमधली विलंबित जागा तेव्हाच ऐकू येते.

जुन्या प्रतींत ड्रॅक्युलाचे शेवटचे कण्हणे कापलेले आहे, कारण 1936 च्या पुनर्प्रदर्शनाच्या वेळी ते काढलं होतं. नव्या प्रतींत ते परत आलं आहे. शेवटी व्हॅन हेल्सिंग झालेला नट व्हॅन स्लोन पडद्यासमोर येऊन प्रेक्षकांशी बोलतो तो भाग मात्र आजही जोडलेला नाही.

त्याच सेटवरचा स्पॅनिश ‘ड्रॅक्युला’ खरंच सरस आहे का?

कॅमेऱ्याच्या बाबतीत, हो. डबिंगची सोय बेताची होती म्हणून युनिव्हर्सल या अमेरिकी कंपनीने परदेशी बाजारासाठी स्वतंत्र चित्रपट काढले. इंग्रजी चित्रपटाचं, टॉड ब्राउनिंगचं पथक दिवसा चित्रण करायचं. स्पॅनिश चित्रपटाचं, जॉर्ज मेलफर्डचं पथक संध्याकाळी त्याच सेटवर यायचं आणि पहाटेपर्यंत काम करायचं. दिवसाचं चित्रण आधी बघायला मिळत असल्याने रात्रीचे लोक कॅमेरा हलवून, कोन बदलून तेच दृश्य जास्त खुलवत. लांबी 104 मिनिटं, इंग्रजीची 75. प्रसंग नीट पूर्ण होतात, लुपिता तोव्हारची नायिका जिवंत वाटते.

कमी पडतो तो ड्रॅक्युला. कार्लोस व्हिलारियास डोळे वटारतो. लुगोसी नुसता उभा राहिला तरी पुरतं. दोन्ही चित्रपटांतला जिन्यावरच्या कोळ्याच्या जाळ्याचा प्रसंग लागोपाठ बघा, फरक लगेच कळेल.

दोन्हींत वाड्यावर जातो तो हार्कर नसून रेनफील्ड. हा बदल हुशारीचा आहे. पुस्तकात रेनफील्ड ड्रॅक्युलाचा दास का झाला याचा खुलासा नाही, इथे तो आपोआप मिळतो.

हॅमरच्या मालिकेतले कोणते बघू?

1958 चा टेरेन्स फिशरचा पहिला न चुकता बघा. 82 मिनिटं, इंग्लंड नाही, जहाज नाही, रेनफील्ड नाही. हार्कर ग्रंथपालाचं सोंग घेऊन आलेला शिकारी आहे. कथा निम्मी कापली आणि उरलेली धावती केली. जेम्स बर्नार्डच्या संगीतातले तीन ठोके म्हणजे ‘ड्रॅ-क्यु-ला’ ही तीन अक्षरं आहेत. शेवटच्या विरघळण्याचा काही भाग ब्रिटिश सेन्सॉरने काढला होता. तो जपानमध्ये जपलेल्या रिळांतून मिळाला आणि 2013 च्या ब्रिटिश ब्लू-रेवर आहे.

लीने हॅमरसाठी एकूण सात वेळा ही भूमिका केली, शेवटची 1973 मध्ये. 1966 च्या चित्रपटात तो एक शब्दही बोलत नाही. पहिला आणि 1966 चा एवढे पुरेत.

डिस्कवरची वेळ कमी दिसते. चित्रपट कापलाय का?

लगेच तसं समजू नका. भारतात आणि युरोपात चाललेल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर 24 फ्रेमचा चित्रपट 25 च्या वेगाने चालतो, म्हणजे चार टक्के वेळ कमी. 75 मिनिटांचा 72 होतो, 82 चा जेमतेम 79. आवाजही किंचित चढतो. ब्लू-रेवर सहसा हा फरक नसतो. कमी झालेली वेळ चार टक्क्यांहून जास्त असेल तरच कात्रीचा संशय घ्या.

जॉन बॅडमच्या 1979 च्या चित्रपटात तर रंगांचाच घोळ आहे. चित्रपटगृहात तो उबदार, सोनेरी रंगांत होता. दिग्दर्शकाने 1991 च्या लेझरडिस्कसाठी रंग फिके केले आणि पुढे वर्षानुवर्षं तीच फिकी आवृत्ती मिळत राहिली. विकत घेताना दोन्ही आवृत्त्या आहेत का हे बघा.

1992 च्या चित्रपटातल्या करामती संगणकाशिवाय कशा केल्या?

कपोलाने ठरवलं होतं की 1897 च्या सुमारास, म्हणजे सिनेमा जन्मला तेव्हा, जे शक्य होतं त्याच मार्गाने करायचं. त्याचा मुलगा रोमन याने ते काम सांभाळलं. लंडनच्या रस्त्याचं एक दृश्य हाताने फिरवायच्या जुन्या पाथे कॅमेऱ्यावर घेतलं आहे. यातल्या दोन युक्त्या तुम्हालाही करून बघता येतील.

उलटं चित्रण: लूसी शवपेटीत परत शिरते ते दृश्य उलटं घेतलं आहे. नटीने पेटीतून बाहेर येत मागे मागे चालायचं, आणि नंतर चित्र शेवटाकडून सुरुवातीकडे चालवायचं. फसतं कुठे? पडणाऱ्या वस्तू, धूर आणि झगमगत्या ज्योती यांची दिशा उलटी दिसते. त्या फ्रेमबाहेर ठेवा. मोबाइलवर हे संकलनाच्या कुठल्याही ॲपमध्ये होतं.

दुहेरी चित्रण: रोजनिशीच्या पानावरून आगगाडी जाते तिथे प्रचंड मोठं पुस्तक आणि छोटी गाडी वापरली आहे, आकाशात डोळे दिसतात तिथे एकावर एक चित्र आहे. फिल्मवर हे करायचं तर पहिलं चित्र घ्या, फिल्म नेमकी तितकीच मागे गुंडाळा, दुसरं चित्र काळ्या मखमलीसमोर घ्या. काळा भाग फिल्मवर काहीच उमटवत नाही, म्हणून पहिलं चित्र शाबूत राहतं. दोन्ही चित्रं उजळ असतील तर प्रत्येक वेळी प्रकाश एक स्टॉपने, म्हणजे निम्म्याने, कमी करा, नाहीतर सगळं पांढरं फटक होईल. मखमलीऐवजी साधं काळं कापड घेतलं तर ते चमकतं आणि करड्या डागासारखं दिसतं. तिवई मधे हलली तर सगळं पहिल्यापासून.

मुर्नाऊने जंगलातला प्रवास निगेटिव्हमध्ये दाखवला: आकाश काळं, झाडं पांढरी. निगेटिव्हमध्ये काळी गाडी पांढरी दिसली असती, म्हणून चित्रणासाठी ती पांढऱ्या कापडाने झाकली.

1992 च्या चित्रपटाला पोशाख, रंगभूषा आणि ध्वनिपरिणाम संकलन असे तीन ऑस्कर मिळाले. पोशाख एइको इशिओकाचे आहेत आणि अभिनयातल्या उणिवा झाकण्याइतके ते जबरदस्त आहेत.

हेर्झोग आणि एगर्स यांचे ‘नोस्फेराटू’ बघावेत का?

दोन्ही. व्हर्नर हेर्झोगने 1979 मध्ये कादंबरी हक्कमुक्त असल्याने ड्रॅक्युला हे नाव परत आणलं, कथा मात्र मुर्नाऊची ठेवली. क्लाउस किन्स्कीचा ड्रॅक्युला थकलेला, एकाकी आहे. जर्मन आणि इंग्रजी अशा दोन आवृत्त्या आहेत. जर्मन बघा, नट तिच्यात मोकळे वाटतात. रॉबर्ट एगर्सचा 2024 चा ‘नोस्फेराटू’ बिल स्कार्सगार्डच्या ऑरलॉकला भरघोस मिशी देतो. लोकांना ती खटकली, पण कादंबरीतल्या ड्रॅक्युलालाही मिशी आहेच. हा चित्रपट आणि 1992 चा, दोन्ही मुलांसोबत बघू नका. 1931 चा दहा-बारा वर्षांच्या मुलांना चालेल.

आपल्याकडे कुणी केला आहे का?

लाहोरला 1967 मध्ये ख्वाजा सरफराजने ‘जिंदा लाश’ केला. त्यात प्राध्यापक तबानी अमरत्वाचं औषध पिऊन रक्तपिपासू होतो. क्रूस आणि पवित्र पाणी नाही, म्हणून औषध आणि शेवटी ऊन. हॅमरची छाप स्पष्ट आहे, मधे गाणी आहेत, आणि तरीही तो रंगतो. रामसे बंधूंच्या 1990 च्या हिंदी ‘बंद दरवाजा’मधला नेवला हा ड्रॅक्युलाचाच अवतार.

वेताळाशी तुलना वारंवार होते. वेताळपंचविशीचं इंग्रजी रूप 1870 मध्ये छापणाऱ्या रिचर्ड बर्टनला स्टोकर भेटला होता हे खरं. पण आपला वेताळ कोडी घालतो, भुतांचा राजा आहे, आणि कोकण-गोव्यात देव म्हणून पुजला जातो. रक्तासाठी गळ्याला लागणाऱ्या उमरावाशी त्याचं नातं जुळत नाही.

मला मराठीत लघुपट किंवा एकांकिका करायची आहे. परवानगी लागते का?

कादंबरीसाठी नाही. स्टोकर 1912 मध्ये वारला; भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, तो कधीच संपला. पण खालील गोष्टी जपा. मराठी अनुवादातली वाक्यं वापरलीत तर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, म्हणून इंग्रजीवरून स्वतः लिहा. पुनर्जन्माची प्रेमकथा, विशिष्ट पोशाख, चित्रपटात नव्याने आलेले संवाद कादंबरीत नाहीत, त्यामुळे त्यांना हात लावू नका. ‘नोस्फेराटू’ची दृश्यं पार्श्वभूमीला लावायची असतील तर जुनं चित्र मोकळं असलं तरी त्यावरचं नवं संगीत मोकळं नसतं, आवाज बंद करून आपलं संगीत घाला.

विषय निवडताना संपूर्ण कादंबरी घेऊ नका. सातव्या प्रकरणात डिमीटर जहाजाच्या कप्तानाची नोंदवही आहे: एक जहाज, एकेक करून कमी होणारे खलाशी, शेवटी सुकाणूला हात बांधलेला मृत कप्तान. त्यावर 2023 मध्ये पूर्ण लांबीचा चित्रपट निघाला, पण तीन नट, एक कंदील आणि दोरखंड यांवर वीस मिनिटांची एकांकिका सहज उभी राहते. ड्रॅक्युलाला त्यात आणूच नका.